परीक्षेला येत नाही!

दिवाळी अंकात चकली-चिवड्याची कुरकुर सोडून अभ्यासक्रमाचे पुराण कसले लावता, असे एखादा वाचक म्हणेल. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली आहे, त्या घरात फराळाच्या ताटाभोवतीही हेच पुराण चालू असते. शाखा कोणती? फी किती? पुढे नोकरीचे काय? चार वर्षांनी त्या पोराला नेमके काय करता यायला हवे, हा प्रश्न मात्र कुणी काढत नाही. तो आज मी काढणार आहे.

प्रश्न काढायला आमचे सोलापूर मोठे सोयीचे गाव. येथे १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव तिला दिले, ते १८८२ साली याच गावात जन्मले. बोगदे, जहाजे, विमाने, मोटारी, कशाकशात म्हणून त्या गृहस्थाने हात घातला! आणि याच गावाच्या पूर्व भागात चादरीचे माग आहेत.

आमच्या शेजारचा एक मुलगा कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला घेऊन मी एका ओळखीच्या विणकराकडे गेलो. जुना जेकार्डचा माग होता. फ्रान्समधल्या जाकार नावाच्या माणसाने १८०४ साली काढलेली ही युक्ती. वर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्या हुकाचे उभे धागे उचलले जातात. भोक नसेल तर ते खालीच राहतात. एवढ्या ‘हो-नाही’वर चादरीतला मोर उभा राहतो. पुढे बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी हेच पुठ्ठे योजले, आणि अमेरिकेने १८९० च्या शिरगणतीत भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली.

मुलगा पाहतच राहिला. म्हणाला, “काका, हा तर प्रोग्रॅमच की!” मला वाटले, सार्थक झाले. पण रस्त्याला लागताच स्वारी म्हणते, “पुस्तकात यावर एक ओळ आहे. परीक्षेला येत नाही.”

वाचकहो, सारे दुखणे या तीन शब्दांत आहे. अभ्यासक्रम पुस्तकात छापलेला असतो खरा, पण मुलाच्या लेखी खरा अभ्यासक्रम म्हणजे प्रश्नपत्रिका. जॉन बिग्ज या शिक्षणशास्त्रज्ञाने १९९६ साली नेमके हेच मांडले: काय साधायचे, कसे शिकवायचे आणि काय तपासायचे, ही तिन्ही एका सुतात हवीत. एक सूत जरी सुटले तरी कापड विसविशीत! आणि नुसत्या व्याख्यानाने किती साधते? २०१४ साली अमेरिकेत अशा २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. मुलांना वर्गात काही करायला लावले, त्यांच्यापेक्षा नुसते ऐकणाऱ्या वर्गात नापास होण्याचे प्रमाण दीडपट भरले.

आपल्याकडेही हालचाल झाली. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा सभासद झाला आणि ‘विद्यार्थ्याला काय करता येते’ हा मापदंड आला. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नमुना अभ्यासक्रम काढून श्रेयांकांचे ओझे १६० वर आणले. उत्तम! पण प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या द्या, टीप लिहा’ तसेच राहिले, तर नव्या मापदंडाचे तक्ते भरून कपाट भरेल, डोके नव्हे.

कुणी म्हणेल, मग सरळ कारखानदारांना हवे तेच शिकवा ना! तेथेही सोलापूरकराने सावध असावे. १८७७ सालची जुनी गिरणी आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्या. त्यांच्या भोंग्यावर हे गाव उठत असे. ते भोंगे बंद पडले. आजच्या यंत्राची नुसती कळ दाबायला शिकलेला मुलगा त्या यंत्राबरोबरच भंगारात निघतो. पुठ्ठे जाऊन इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले, तरी ‘हो-नाही’ची रीत तीच राहिली. शिकवायची ती रीत. माग हे तिचे दार.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. दर परीक्षेत एक प्रश्न गावातला असावा. उदाहरणार्थ: ‘या नक्षीच्या पहिल्या चार फेऱ्यांचे पुठ्ठे काढा. एक भोक चुकले तर चादरीवर काय दिसेल?’ नक्षी जितक्यांदा फिरेल तितक्यांदा तीच चूक उमटेल, हे ज्याला विचार करून सांगता आले, त्याला प्रोग्रॅममधली चूकही शोधता येईल. आणि असा प्रश्न काढण्यापूर्वी मास्तरांना मागापर्यंत जावे लागेल, हा वरचा लाभ.

खंडेनवमीला आपण यंत्राला फूल वाहतो. विद्येचा मान तेवढ्यावर भागत नाही. या दिवाळीत घरी आलेल्या इंजिनिअर पोराला मार्क विचारू नका. “बाळ, तुला आता काय करता येते?” एवढेच विचारा. उत्तर ऐकण्याआधी लाडू मात्र हातावर ठेवा. विचार करायला वेळ लागेल.