मानधन झाकलेले, तफावतही झाकलेली

अभिनेता केविन स्पेसीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाल्यावर दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘ऑल द मनी इन द वर्ल्ड’मधली त्याची दृश्ये ख्रिस्तोफर प्लमर यांना घेऊन पुन्हा चित्रित केली. त्या वाढीव कामाचे चित्रपटातल्या मार्क वॉलबर्गला १५ लाख डॉलर मिळाले. त्याची सहकलाकार मिशेल विल्यम्सला मिळाला दिवसाचा ८० डॉलर भत्ता. सगळा मिळून हजार डॉलरही नाही. दोघांची एजन्सी एकच. मुख्य कलाकार फुकट आले, असे स्कॉट यांनी आधी जाहीरपणे सांगितले होते. जानेवारी २०१८ मध्ये आकडे छापून आले आणि वॉलबर्गने ती रक्कम लैंगिक छळाविरुद्धच्या ‘टाइम्स अप’ चळवळीच्या कायदेशीर मदतनिधीला दिली.

नायकाच्या नावावर तिकीट खपते, म्हणून त्याला जास्त, हा युक्तिवाद आपल्याकडेही रोज ऐकू येतो. तो सरसकट खोटा नाही. गर्दी खेचणाऱ्याने जास्त घ्यावे. नटी गर्दी खेचत असेल तर तिनेही. पण इथे चित्रपट तोच होता, भूमिका त्याच होत्या. फरक पडला तो करारातल्या अटींमुळे आणि शेजारी काय ठरले आहे हे विल्यम्सला ठाऊक नसल्यामुळे. ज्या बाजारात भाव एकाच बाजूला कळतो, तिथे मिळालेल्या रकमेला कलावंताची किंमत कसे म्हणायचे? दुसरे उदाहरण टीव्हीचे. बीबीसीच्या निवेदक समीरा अहमद यांना एका भागाचे ४४० पौंड मिळत आणि तशाच धाटणीच्या कार्यक्रमासाठी जेरेमी वाइन यांना ३,०००. जानेवारी २०२० मध्ये लंडनच्या न्यायाधिकरणाने तफावतीचे कारण मागितले, तेव्हा बीबीसीला ते पटवून देता आले नाही. कारण देण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाकली, की असे पुष्कळ फरक टिकत नाहीत.

आपल्या व्यवसायात नाटकाची नाईट आणि मालिकेचा पर डे बहुतेकदा तोंडी ठरतो. ‘तुला किती सांगितले?’ हे सहकलाकाराला विचारणेही आगाऊपणाचे मानले जाते. आकडे उघडे झाले तर भांडणे होतील, छोटा निर्माता मोडेल, अशी भीती निर्माते बोलून दाखवतात. ती समजण्यासारखी आहे, पण कुणाचा आकडा चव्हाट्यावर मांडा असे आमचे म्हणणे नाही. छोट्या निर्मात्याने कमी द्यावे. मात्र तोलामोलाच्या भूमिकांना सारखेच कमी द्यावे. भूमिकेचा दर कलाकार ठरण्याआधी कागदावर यावा. पुनर्चित्रीकरण, डबिंग आणि प्रसिद्धीचे दिवस यांचा मोबदला करारात वेगळा लिहावा. मल्याळम चित्रसृष्टीबद्दलच्या न्या. हेमा समितीनेही लेखी करारांचा आग्रह धरला आहे. कलाकार संघटनांनी कराराचा एक नमुना तयार करावा आणि पुढच्या हंगामातल्या तालमी त्यावर सह्या झाल्यावरच सुरू व्हाव्यात.