कराची किती दूर?

परवा शेजारच्या चाचींची थोरली बहीण कराचीत गेली. चाची मूळच्या रत्नागिरीच्या. बहीण लग्न होऊन तिकडे गेलेली. सकाळी फोन आला, दफन संध्याकाळच्या आत व्हायचे होते. माझ्या मुलीने शाळेचा नकाशा काढला आणि विचारले, ‘बाबा, मुंबईला दिल्ली जवळ की कराची?’ मी बेधडक ‘दिल्ली’ म्हणालो. तिने पट्टी लावली आणि मी खोटा ठरलो.

सरळ रेषेत दिल्ली सुमारे १,१५० किलोमीटर, कराची अवघी ८८०. जेट विमानाला दीड तास पुरावा. पण वाट आहे दुबईवरून! म्हणजे जवळजवळ ३,१०० किलोमीटर, दोन विमाने आणि मधला खोळंबा धरून सहज आठ-दहा तास. व्हिसाची प्रतीक्षा वेगळीच.

गंमत अशी, की आपल्या हवाई टपालाचा एक श्रीगणेशा याच वाटेवर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एकटे निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढे फाळणी झाली, तीन युद्धे झाली. तरीही १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींना तेच उड्डाण पुन्हा करता आले.

हे दार मात्र सतत उघडत-मिटत राहिले. १९७१ मध्ये ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर मिटले, ते १९७६ मध्ये उघडले. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ पासून पुन्हा दोन वर्षे विमाने बंद. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केले.

सरकारचा संशय निराधार आहे, असे कोणता मुंबईकर म्हणेल? २६ नोव्हेंबर २००८ चे दहा अतिरेकी कराचीहूनच आले. पण ते आले समुद्रातून, चोरून. विमानतळावर पासपोर्ट दाखवून रांगेत उभे राहणारा माणूस वेगळा असतो. त्याची नोंद होते, झडती होते. विमान बंद केले की तोच तेवढा अडतो.

त्याच २००८ च्या डिसेंबरात तैपेई-शांघाय रोजची थेट विमाने सुरू झाली. अंतर जेमतेम सातशे किलोमीटर, पण तोवर प्रवासी हाँगकाँग किंवा मकावला विमान बदलत. चीन-तैवानचे भांडण तेव्हा मिटले नव्हते, आजही मिटलेले नाही. भांडण आणि वाहतूक यांचे खाते त्यांनी वेगळे ठेवले, इतकेच. आपल्याकडे हे तितके सोपे नाही, पण अशक्यही नसावे.

चाचींनी बहिणीचे दफन भाच्याच्या मोबाइलवरून पाहिले. पडदा मिटल्यावर त्यांनी मुलीला एवढेच विचारले, ‘बेटा, तुझ्या नकाशात किती बोटे आहे गं ते?’

मुलीने मोजून दाखवले. दोन बोटे.