जिद्द पुरे, मॅच द्या

खेड्यातल्या मुलीनं खेळात नाव काढलं की मराठी बातमीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘घरची परिस्थिती बेताची, पण जिद्दीच्या जोरावर...’ मला या जिद्दीचा राग येतो. जिद्द म्हटलं की बाकी सगळ्यांची सुटका होते. शाळा सुटली, ग्रामपंचायत सुटली, जिल्हा सुटला. पोरगी पुढे गेली तर तिची जिद्द, नाही गेली तर तिच्यातच काहीतरी कमी.

मी महाळुंगे पडवळची. आंबेगाव तालुका, हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. आठवीत असताना मुलींची फुटबॉल टीम तालुक्याला न्यायची ठरली आणि दोन दिवसांत जमवली गेली. सात जणी कबड्डीच्या, चार खो-खोच्या. मला सांगण्यात आलं, ‘तू मध्ये उभी राहा.’ म्हणजे मी मिडफिल्डर. एक मॅच झाली, हरलो, वडापाव खाल्ला, संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो. माझी फुटबॉलची कारकीर्द एका दुपारची. आमच्यात जिद्द नव्हती असं कुणी म्हणू नये. एक जण फुटलेल्या अंगठ्यानं शेवटपर्यंत पळत होती.

आता जेनिफर मारोझान बघा. जन्म १९९२ चा, बुडापेस्टचा. वडील फुटबॉल खेळायला जर्मनीत सारब्रुकेनला आले, ही लहानपणी तिथल्या पोरांबरोबर खेळली, आणि १४ व्या वर्षी बायकांच्या बुंडेसलिगामध्ये उतरली. तिथून फ्रँकफुर्ट, मग फ्रान्समधलं लियाँ. २०१६ च्या रिओ ऑलिंपिक फायनलमध्ये स्वीडनविरुद्ध गोल मारला, जर्मनीला सोनं मिळालं. तिचे पास यूट्यूबवर बघा. बॉल पायात यायच्या आधीच तिनं मान वळवून मागे कोण आहे ते पाहिलेलं असतं.

ती मान वळवणं हाच माझा मुद्दा आहे. पळणारी पोरगी तुम्ही विंगवर लावू शकता, उंच पोरगी गोलमध्ये उभी करू शकता. मिडफिल्डर अशी उचलून आणता येत नाही. चारही बाजूंनी माणसं, अर्ध्या सेकंदात ठरवायचं. ही नजर डोंगर चढून येत नाही, पहाटे उठून येत नाही. ती फक्त मॅच खेळून येते. भरपूर मॅच, आणि त्याही वयाच्या सहा-सात वर्षांपासून, घराजवळ. १४ व्या वर्षी मारोझान तयार होती. त्याच वयात आम्हाला ऑफसाइड कशाला म्हणतात ते ग्राउंडवर कळलं.

‘अगं, ते जर्मनी आहे,’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. जर्मन फुटबॉल संघटनेनं १९५५ साली आपल्या क्लबांना बायकांचं फुटबॉल बंद करायला लावलं. बंदी उठली १९७० मध्ये. तीही अटींसह: बॉल हलका, मॅच छोटी, थंडीत खेळायचं नाही. १९८९ मध्ये त्या युरोपच्या विजेत्या झाल्या, तेव्हा संघटनेनं प्रत्येकीला बक्षीस दिलं कॉफीचा सेट. कपबशा! म्हणजे डोकी तिकडेही आपल्यासारखीच होती. फरक एवढाच की गावोगावी क्लब होते, ग्राउंड होती, आणि बंदी उठल्यावर मुलींना खेळायला जागा होती.

बंदी उठवणं तर आम्हालाही जमतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. आमच्या आंबेगाव-जुन्नर-खेडच्या पट्ट्यात त्यासाठी मोर्चे निघाले, विधानसभेत कायदा बदलला, पक्ष विसरून पुढारी एका स्टेजवर आले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती पक्की केली. मी शर्यतीच्या विरोधात नाही. घाटात भिर्रर्र झाली की माझ्याही अंगावर काटा येतो. पण घाट बांधायला जागा निघते, वर्गणी निघते, यात्रा कमिटी रात्र रात्र बसते. ज्या गावांना बैलांसाठी हे जमतं त्यांनी पोरींसाठी ‘बजेट नाही’ म्हणू नये.

आणि महाराष्ट्रात फुटबॉल नाही असंही नाही. कोल्हापुरात तालमींच्या टीम शाहू स्टेडियमवर तुडुंब गर्दीत खेळतात. अर्थात बाप्यांच्या. त्याच जिल्ह्यात, गडहिंग्लजजवळच्या बेकनाळची अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळली आणि पुढे एएफसीचं ‘ए’ लायसन्स मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय बायकांमधली एक झाली. तिच्या बातम्यांतही जिद्द ठासून भरलेली असते. मला त्यात गडहिंग्लज दिसतं: फुटबॉल रुजलेलं गाव, जिथे मुलीला बॉल निदान दिसतो तरी.

हरियाणात भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळेतल्या एका शिक्षकानं मुलींना बॉल दिला. २०१७ च्या पहिल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये, दिल्लीतल्या शेवटच्या सहा टीममध्ये, एक होती एफसी अलखपुरा. अख्ख्या गावाची टीम! त्याच सहांमध्ये दुसरी एक होती एफसी पुणे सिटी. आमच्या जिल्ह्याच्या नावाची टीम. २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला.

पुणे जिल्ह्यात अजून एक म्हाळुंगे आहे, बालेवाडीचं. २०२२ मध्ये बायकांच्या आशियाई कपच्या मॅच तिथल्या स्टेडियमवर झाल्या. जपान, कोरिया, चीनच्या मुली खेळून गेल्या. आमच्या महाळुंग्याला त्यातला एक जुना बॉलसुद्धा आला नाही.

कुणी म्हणेल, बाबू गेनूंच्या गावच्या पोरीनं जिद्दीला नावं ठेवावीत? मग ती गोष्ट नीट वाचा. १२ डिसेंबर १९३० ला ते परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवे झाले, पण त्या रस्त्यावर ते एकटे उगवले नव्हते. मुंबईची गिरणी होती, स्वयंसेवक होते, बहिष्काराची चळवळ होती. आम्ही पुतळ्याला हार घालतो आणि चळवळ विसरतो.

जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई कप गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मिडफिल्डर! बंगालमधल्या कल्याणीची.

स्टेडियम नको. हायस्कूलचं अर्धं ग्राउंड हवं, क्रिकेटवाल्यांनी रविवारी दोन तास सोडलेलं. महाळुंगे, कळंब, चांडोली, मंचर, घोडेगाव, अवसरी: सहा गावं, दहा-बारा वर्षांच्या मुली, सात-सात जणींच्या टीम, जून ते फेब्रुवारी दर रविवारी मॅच. पीटीचे सर शिट्टी वाजवतील. प्रवासाला पिकअप आहेतच; बैल जातात, तशा पोरीही जातील. पहिले दोन बॉल माझ्याकडून.