विश्लेषण : तारे गेले, हप्ते राहिले... ‘फिनिक्स सन्स’ची संघबांधणी इतकी अवघड का?

केव्हिन ड्युरँट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील. ‘एनबीए’ या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये फिनिक्स सन्सने २०२३ मध्ये हे तीन तारे एकत्र आणले. पण दोन हंगामांत या त्रिकुटाला प्लेऑफमधील एकही सामना जिंकता आला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ड्युरँट ह्यूस्टन रॉकेट्सकडे, तर बील लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. १९६८ पासून खेळणाऱ्या सन्सने तीनदा अंतिम फेरी गाठली, मात्र विजेतेपद एकदाही मिळवलेले नाही. ‘एकदाचा हा संघ मोडा आणि नव्याने उभारा’, ही चाहत्यांची मागणी म्हणूनच स्वाभाविक वाटते. ती मान्य करणे कठीण का, याचे उत्तर मैदानापेक्षा करारांच्या कागदांत अधिक आहे.

ही वेळ कशामुळे आली?

मॅट इश्बिया यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये संघाची मालकी घेतली आणि लगेचच ड्युरँटचा सौदा झाला. त्याच्या बदल्यात मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन हे दोन उपयुक्त खेळाडू, तसेच पहिल्या फेरीतील चार ‘ड्राफ्ट पिक’ ब्रुकलिन नेट्सला देण्यात आले. चार महिन्यांनी अनुभवी पॉइंट गार्ड ख्रिस पॉलला सोडून बीलला आणले. बील आणि बुकर साधारण एकाच प्रकारचे खेळाडू. चेंडू खेळवणारा गेला आणि बास्केट करणारे तीन झाले. पहिल्या हंगामात ४९ विजय मिळाले, पण प्लेऑफमध्ये मिनेसोटाने ४-० असा धुव्वा उडवला. दुसऱ्या हंगामात ३६ विजयांसह संघ प्लेऑफबाहेर राहिला. दरम्यान, तीन वर्षांत तीन प्रशिक्षकांना नारळ मिळाला.

‘सेकंड एप्रन’ म्हणजे काय?

आयपीएलमध्ये लिलावाची रक्कम ठरलेली असते, ती ओलांडताच येत नाही. एनबीएतील ‘सॅलरी कॅप’ ओलांडता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. २०२४-२५ मध्ये ही मर्यादा सुमारे १४.०६ कोटी डॉलर होती आणि सन्सच्या तीन ताऱ्यांचेच वेतन १५ कोटी डॉलरच्या घरात होते. खर्च सुमारे १८.८९ कोटींपलीकडे गेला की संघ ‘सेकंड एप्रन’च्या वर जातो. मग केवळ कर भरून भागत नाही. दोन खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, दिल्यापेक्षा जास्त वेतनाचा खेळाडू स्वीकारता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतील पिक गोठवला जातो. थोडक्यात, चूक झाल्यावर ती सुधारण्याची हत्यारेच काढून घेतली जातात. त्यात बीलच्या करारात त्याच्या संमतीविना त्याला अन्यत्र पाठवता येणार नाही, अशी तरतूद होती.

बील गेला, तरी त्याचा भार का?

बीलचे दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी डॉलर बाकी होते. त्याने त्यातील जवळपास १.४ कोटी सोडले. उरलेली रक्कम पाच वर्षांत विभागण्यात आली. म्हणजे २०२९-३० पर्यंत दर वर्षी सुमारे १.९४ कोटी डॉलर संघात नसलेल्या खेळाडूच्या नावे मोजले जातील. यामुळे सन्स एप्रनखाली आले आणि सौद्यांची दारे पुन्हा उघडली. मात्र तेवढ्या वेतनात एखादा चांगला नियमित खेळाडू मिळाला असता, तो पाच वर्षे मिळणार नाही.

मग हरून ड्राफ्टचा फायदा का घेत नाहीत?

कमकुवत संघाला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक. म्हणून अनेक संघ काही वर्षे पराभव सोसून तरुण खेळाडू गोळा करतात. सन्सपुढे हा मार्ग जवळजवळ बंद आहे. त्यांचे २०२७, २०२९ आणि २०३१ चे पहिल्या फेरीतील स्वतःचे पिक इतरांकडे गेले आहेत, तर मधल्या वर्षांत अदलाबदलीचे हक्क इतरांना दिलेले आहेत. म्हणजे सन्स जितके हरतील, तितका लाभ दुसऱ्यांना. २०२५ चा त्यांचाच पिक ह्यूस्टनकडे पोहोचला आणि दहाव्या क्रमांकाचा ठरला. ड्युरँट देताना तो परत मिळवावा लागला, तेव्हा कुठे खमान मलुआच हा उंच तरुण सेंटर हाती लागला. ऋण काढून सण साजरा करण्याचा हा परिणाम.

बुकरला सोडणे हा उपाय आहे का?

येथे चाहत्यांमध्ये दोन तट आहेत. २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीतील पाच पिक मिळवले. २०२५ मध्ये तो संघ विजेता ठरला. बुकरच्या बदल्यात गेलेले पिक परत मिळवा, असे एका गटाचे म्हणणे. दुसऱ्या गटाच्या मते, २०१५ पासून सन्सकडेच खेळणारा आणि त्यांच्यातर्फे सर्वाधिक गुण नोंदवणारा खेळाडू गेल्यास पाहण्यासारखे उरेल तरी काय? व्यवस्थापनाने जुलै २०२५ मध्ये कौल दिला. बुकरचा करार २०२९-३० पर्यंत वाढवण्यात आला.

आता काय करता येईल?

मोठा तारा आणण्याचा मोह टाळणे, ही पहिली पायरी. ह्यूस्टनकडून आलेला जेलन ग्रीन वेगवान असला, तरी बुकरच्याच जागेचा आहे. चेंडू खेळवणाऱ्याची उणीव त्यामुळे भरून निघत नाही. उलट डिलन ब्रुक्सचा आक्रमक बचाव, तसेच मलुआच आणि मार्क विल्यम्स यांची उंची ही जुन्या संघात नसलेली गोष्ट आहे. एप्रनखाली राहून कमी वेतनाचे, एकमेकांना पूरक खेळाडू जोडत जाणे हाच व्यवहार्य मार्ग. तो संथ आहे. बीलचा शेवटचा हप्ता आणि बुकरच्या कराराचे शेवटचे वर्ष एकाच हंगामात संपेल. तोवर बुकर तेहतिशीत असेल. सन्सच्या चाहत्यांना खरी चिंता आहे ती या घड्याळाची.