फ्लॅट घ्यावा की घर?

मुंबईत नोकरदार जोडप्याला हा प्रश्न पडत नाही. तिथे परवडला तर फ्लॅटच परवडतो. नाशिक, कोल्हापूर, सांगली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे मात्र तो खरोखरच पडतो. नाशिकला गंगापूर रोडवरच्या चांगल्या फ्लॅटसाठी जे बजेट लागते, त्याच्या आसपासच्या रकमेत आडगाव किंवा म्हसरूळच्या बाजूला छोटे रो-हाउस बघता येते. सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांत घरे उभारली, तेव्हापासून या शहरात जमिनीला टेकलेले घर ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट मानली जाते. म्हणून लग्नानंतर दोन-चार वर्षांनी घर बघायला निघालेल्या जोडप्याला दोन्हीकडून सल्ले मिळतात. आईवडील म्हणतात, जमीन आपली हवी. ऑफिसातले सहकारी म्हणतात, फ्लॅट घ्या आणि मोकळे व्हा. निर्णय बहुतेक वेळा चौरस फूट आणि हप्ता यांवर होतो. आमच्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: जमिनीवर आपला हक्क नेमका किती, आणि घराचे काम कोण करणार.

आधी जमिनीविषयी. बांधकाम जुने होत जाते आणि त्याची किंमत उतरते, भाव वाढतो तो जमिनीचा, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्यावरून फ्लॅटवाल्याकडे जमीन नसते असा अर्थ काढणे चूक. इमारतीखालच्या जमिनीत त्याचाही वाटा असतो. फक्त तो सगळ्यांचा मिळून, सोसायटीच्या नावाने असतो. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी जमीन सोसायटीच्या नावावर झालेलीच नसते. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यानुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचे हस्तांतरण, करून द्यायचे, असा नियम झाला. बिल्डरांनी तो इतका टाळला की २००८ मध्ये कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर सहीला आला नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, सोय करावी लागली. फ्लॅट बघायला गेलेले जोडपे मॉड्युलर किचनचे कपाट उघडून बघते, पार्किंग मोजते; सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर आहे, हे मात्र विचारत नाही. इमारत तीस-चाळीस वर्षांची झाली आणि पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की सगळे त्या एका कागदापाशी येऊन थांबते. कन्व्हेयन्स झालेला जुना फ्लॅट आणि न झालेला नवा फ्लॅट समोर असतील, तर जुन्याचा विचार आधी करावा, असे आम्ही ठामपणे सांगू.

स्वतंत्र घराच्या बाजूला धोका वेगळा आहे, आणि आमच्या मते मोठा. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याचा धंदा राज्यातल्या प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला चालतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अशा तुकड्यांना आडकाठी होती. ती अलीकडे सैल होत आली असली तरी आधीच्या व्यवहारांचा गुंता आपोआप सुटलेला नाही. अनोळखी दहा-बारा जणांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढलेली, कोणाचा तुकडा कुठे हे नकाशावर नाही, रस्ता फक्त तोंडी कबूल केलेला, असे प्लॉट आजही विकले जातात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू झाला. सरकारला वीस वर्षांनी पुन्हा मुदत वाढवावी लागते, यावरूनच असे किती संसार त्या कागदांवर उभे आहेत हे कळावे. बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, आपल्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा आणि सरकारी मोजणीचा नकाशा या चारपैकी एक जरी नसेल, तर भाव कितीही आकर्षक असो, तिथून परत फिरावे. राष्ट्रीयीकृत बँक त्या प्लॉटवर कर्ज द्यायला तयार नाही, हे विक्रेता ‘बँकेची कटकट’ म्हणून सांगतो. खरे तर ती फुकट मिळालेली ताकीद असते.

रो-हाउसचे त्रांगडे फ्लॅट आणि स्वतंत्र घर यांच्या मधले आहे. घेणाऱ्याला वाटते आपण बंगला घेतला. पण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, वापरायचा चटईक्षेत्र निर्देशांक बहुधा बिल्डरने पूर्ण संपवलेला असतो, आणि पुढे वर खोली चढवायची तर नव्याने परवानगी लागते. खरेदीखतात जमिनीचा तुकडा स्वतंत्र दिला आहे की पूर्ण प्रकल्प अपार्टमेंट म्हणून घोषित केला आहे, एवढे वकिलाकडून तपासून घेतले तरी पुढचे बरेच भांडण टळते.

आता ज्याविषयी क्वचितच बोलले जाते ते. घर म्हणजे सतत चालणारे काम. पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग, टाकी धुणे, मोटर जळली तर वायरमन शोधणे, तुंबलेला चेंबर, दाराच्या चौकटीला लागलेली वाळवी, चार दिवस गावाला जायचे तर घरावर कोणी लक्ष ठेवायचे. फ्लॅटमध्ये यातले बरेच काम मेंटेनन्सच्या बदल्यात सोसायटी करते. सोसायटीही आपोआप चालत नाही, कमिटीवर कोणीतरी वेळ द्यावा लागतो; पण तो भार वाटला जातो. स्वतंत्र घरात तो दोघांवरच पडतो, आणि दोघांवर सारखा पडत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. पुरुषांपैकी अनेक जण तर त्या मोजणीत येतच नव्हते, कारण ते घरकाम करतच नव्हते. दोन मजली घर, अंगण आणि बाग यांनी या मिनिटांत भर पडणार. ती भर कोणाच्या खात्यात जाणार, हे टोकन देण्याआधी बोलायला हवे. दोघेही नोकरीला जात असतील आणि लहान मूल असेल, तर शेजारचे उघडे दार ही साधी सोय राहत नाही. शाळेतून लवकर आलेले मूल तासभर समोरच्या काकूंकडे थांबू शकते, हे फ्लॅटचे मोठे बळ आहे. उलट सासू-सासरे किंवा आईवडील कायमचे सोबत राहणार असतील, तर तळमजल्यावर झोपायची खोली आणि दारासमोर बसायला जागा देणारे घर त्यांचे दिवस सुखाचे करते. बहुतेक रो-हाउसमध्ये मात्र झोपायच्या खोल्या वर असतात, आणि दुखरे गुडघे ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही.

पैशाचा हिशेब तुलनेने सरळ आहे. पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४३,४०० रुपये येतो आणि परतफेड एक कोटी चार लाखांच्या घरात जाते. घराची किंमत जास्त तसे बँक देत असलेल्या कर्जाचे प्रमाण कमी. ७५ लाखांवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ७५ टक्के आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर नाही. प्लॉट घेऊन बांधणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालावी: घर उभे राहीपर्यंत भाडे आणि व्याज दोन्ही त्याच पगारांतून जाणार, आणि सिमेंट-स्टीलचे भाव तुमच्या अंदाजपत्रकाला विचारून वाढत नाहीत.

नावाचा प्रश्न यापेक्षा नाजूक. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती मिळत नाही. साठ लाखांच्या घरावर साठ हजार वाचतात, म्हणून काही जोडपी तिच्या एकटीच्या नावे घेतात, आणि स्त्रियांच्या नावे मालमत्ता क्वचितच असणाऱ्या समाजात याचे आम्ही स्वागतच करतो. काळजी वाटते ती उलट्या प्रकाराची. कर्ज जास्त मिळावे म्हणून पत्नीचा पगार दाखवला जातो, ती सहकर्जदार होते, तिचे दागिने मोडून डाउन पेमेंट भरले जाते, आणि करारनाम्यावर नाव येते फक्त पतीचे, कधी त्याच्या वडिलांचेही. कर्जाची जबाबदारी तिच्यावर पूर्ण, घरावर कागदोपत्री हक्क मात्र नाही. सहमालकाला सहकर्जदार करा असा आग्रह बँका धरतात, पण सहकर्जदाराला मालक करा असे सांगणे त्यांचे काम नाही. ते घरातल्यांनीच करायचे आहे. दोघांची नावे असतील तेव्हा वाटा किती हेही करारनाम्यात लिहावे. तो लिहिलेला नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात वाटा धरला जातो, आणि तेही सिद्ध होत नसेल तर समसमान. जिचा पगार वर्षानुवर्षे किराणा, शाळेची फी आणि औषधांत जातो आणि ज्याचा हप्त्यात, त्या दोघांच्या खात्यांकडे नंतर बघितले तर घर एकट्या त्यानेच घेतले असे दिसेल.

दोघेही दिवसभर बाहेर, गाव दूर, जमिनीच्या कागदांची घरात कोणाला माहिती नाही, अशा जोडप्याने पहिले घर म्हणून पूर्णत्वाचा दाखला मिळालेला, कन्व्हेयन्स झालेल्या मध्यम आकाराच्या सोसायटीतला फ्लॅट घ्यावा, असे आम्हाला वाटते. स्वतंत्र घराचा ध्यास दोघांनाही असेल, फक्त एकाला नव्हे, तर तेही जरूर घ्यावे. मात्र प्लॉट आवडल्याच्या आनंदात टोकन देऊ नये. आधी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढावा, आणि वकील आपला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे.