सिगारला ९२ गुण, आणि तोंडाला?

"डॉक्टर, सिगारेट सोडून वर्षं झाली. आता फक्त सिगार. तीही मीडियम बॉडीची, चांगल्या प्रतीची. आणि मी धूर आत घेत नाही."

असं सांगणाऱ्या पेशंटला वाटतं की मी मान डोलवावी. मी डोलवत नाही. कारण हे त्यांचं स्वतःचं मत नसतं, ते सिगारच्या परीक्षणांमधून आलेलं असतं. आज माझं भांडण त्या परीक्षणांशी आहे.

अमेरिकेत १९९२ मध्ये 'सिगार अफिशिओनाडो' नावाचं मासिक निघालं आणि वाइनप्रमाणे सिगारलाही १०० पैकी गुण देण्याची पद्धत रुजली. क्यूबा, निकाराग्वा, डोमिनिकन रिपब्लिक इथल्या सिगार परीक्षक आधी हुंगतो, न पेटवता एक झुरका ओढून पाहतो, मग पेटवून तिचे तीन भाग करतो. पहिल्या भागात देवदाराचं लाकूड, दुसऱ्यात कॉफी आणि कोको, तिसऱ्यात चामडं आणि मिरी. जळते सरळ की वाकडी, राख किती घट्ट, सगळं तपासलं जातं. तपासायचं राहतं ते ओढणाऱ्याचं तोंड.

'मीडियम' म्हणजे सौम्य नव्हे

जाणकारांच्या भाषेत 'बॉडी' म्हणजे धुराचा तोंडात जाणवणारा भरीवपणा. निकोटीनच्या जोराला ते वेगळा शब्द वापरतात, 'स्ट्रेंथ'. म्हणजे 'मीडियम बॉडी' हे निकोटीनचंसुद्धा माप नाही, मग कॅन्सरच्या धोक्याचं कुठून असणार? पण ऐकणाऱ्याला वाटतं, मध्यम तिखट मिसळ असते तशी ही मध्यम धोक्याची तंबाखू. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ती ५ ते २० ग्रॅम असू शकते, म्हणजे कधीकधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी. आणि ती तासभर तोंडाजवळ राहते.

'धूर आत घेत नाही' म्हणून काय झालं?

आपल्याकडे तंबाखूला चुना का लावतात? चुन्यामुळे तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं. सिगारच्या तंबाखूची पानं ज्या पद्धतीने वाळवतात आणि मुरवतात, त्यामुळे तिचा धूरही सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो. चुन्याचं काम इथे धूरच करतो. फुप्फुसापर्यंत न जाताही निकोटीन मिळतं. शिवाय पानं मुरवताना नायट्रोसामाइन नावाची कॅन्सरकारक रसायनं वाढतात. 'मुरलेली चव' म्हणून जिचं कौतुक होतं, तिच्यासोबत हेही येतं. तेव्हा गायछापवाल्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या सिगारवाल्याने हे लक्षात ठेवावं: तुमच्या दोघांच्या तोंडात एकच गोष्ट चालली आहे.

हेच परीक्षक सल्ला देतात की सिगार रिकाम्या पोटी ओढू नका, जवळ काहीतरी गोड ठेवा. का? कारण घाम फुटतो, मळमळतं, चक्कर येते. ही रसिकतेची परीक्षा नाही, निकोटीनच्या विषबाधेची लक्षणं आहेत. शिवाय बारीक चवी कळाव्यात म्हणून धूर नाकातून सोडायला सांगतात, म्हणजे नाकाची आतली त्वचाही धुरात न्हाऊन निघते. आणि धूम्रपानाने चव आणि वास कळण्याची शक्ती बोथट होते, हे या चवीच्या पंडितांना कोणी सांगायचं?

त्यांची बाजूही पाहू

धूर आत न घेणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका रोज सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा कमी असतो, हे खरं आहे. कधीतरी ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्याहून कमी, हेही खरं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९९८ मध्ये सिगारवरच्या सविस्तर अहवालात स्पष्ट सांगितलं, की तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका सिगारने वाढतो, धूर आत न घेणाऱ्यांमध्येही. आणि जे आधी सिगारेट ओढत होते, त्यांच्यात सवयीने सिगारचा धूर आत ओढण्याचं प्रमाण जास्त असतं. माझ्या समोर बसलेला पेशंट नेमका त्यांच्यातला आहे.

सिग्मंड फ्रॉइड स्वतः डॉक्टर होते आणि सिगारचे निस्सीम भक्त. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कॅन्सर सापडला. त्यानंतर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूच्या जागी कृत्रिम पट्टी बसवावी लागली, बोलणं-खाणं अवघड झालं. तरी सिगार सुटली नाही. १९३९ मध्ये ते गेले. मनाचा एवढा जाणकार माणूस जिथे हरला, तिथे 'मला सवय नाही, फक्त आवड आहे' या वाक्यावर मी विश्वास कसा ठेवू?

कोणी म्हणेल, प्रौढ माणसाने काय ओढावं हे डॉक्टर कोण ठरवणार? मी ठरवत नाही. पण कोकोची चव सांगायची आणि कॅन्सर लपवायचा, ही माहिती नाही, जाहिरात आहे. अर्ध्या माहितीवर केलेली निवड ही निवड नसते.

सिगार ओढत असाल तर आज आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना त्रास, मानेत गाठ, यातलं काहीही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सोडायची असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मदत मिळते. सिगारला किती गुण द्यायचे ते परीक्षक बघतील. तोंड तुमचं आहे, ते तुम्हालाच तपासायचं आहे.