चूक कोणाची, हे ठरविणार कोण?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या धावपट्टीवरून मिग-२१ ने अखेरचे उड्डाण केले आणि बासष्ट वर्षांचा एक अध्याय संपला. १९६३ मध्ये वायुदलाचे पहिले मिग-२१ पथक याच चंडीगडला उभे राहिले होते. त्या दिवशी अमरावतीच्या राजापेठेत काय आणि अकोल्याच्या रतनलाल प्लॉटमध्ये काय, दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या अनेक घरांत तो सोहळा भरल्या डोळ्यांनी पाहिला गेला असेल. वृत्तनिवेदकांच्या तोंडी मात्र 'उडती शवपेटी' हेच शब्द होते. ज्या विमानाने डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अचूक मारा करून पाकिस्तानी सत्तेचे मनोबल मोडले, त्याची पाठवणी अशा नावाने व्हावी, हे आम्हाला रुचले नाही. पण नाव रुचले नाही म्हणून त्यामागचे आकडे पुसले जात नाहीत.

ते आकडे संसदेत ठेवले गेले आहेत. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले, की मिग मालिकेतील ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने एप्रिल २०१२ पर्यंत अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले. कोणत्याही युद्धाविना झालेली ही हानी आहे.

याची मीमांसा करताना सगळा दोष विमानाच्या माथी मारणे सोपे आहे. एकच इंजिन, आखूड त्रिकोणी पंख आणि धावपट्टीला टेकतानाही ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग, असे ते यंत्र होते आणि ते चुकीला क्षमा करीत नसे. परंतु अशा यंत्रावर आपण कोणाला बसवीत होतो? मंदगती किरण विमानावर शिकलेल्या विशी-बाविशीतल्या मुलांना. मधली पायरीच नव्हती. ही पायरी म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान, आणि ते तातडीने घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच केली होती. हॉक विमाने घेण्याचा निर्णय अटलजींच्या सरकारने सप्टेंबर २००३ मध्ये घेतला आणि ती वायुदलात रुजू झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस आणि विमान यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली. या सव्वीस वर्षांत दलाली, चौकश्या, फायलींवरील शेरे आणि बोफोर्सनंतर आलेले निर्णयभय यांचा इतिहास आहे. त्या काळात ज्यांच्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्यांना त्या फायलींचा क्रमांकही कधी कळला नाही.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगडहून मिग-२१ घेऊन निघाले आणि काही क्षणांत गेले. चौकशीचा रोख वैमानिकाच्या चुकीकडे वळला. त्यांच्या मातोश्री कविताताई यांनी तो निष्कर्ष मुकाट्याने स्वीकारला नाही. वडील स्वतः वायुदलातील निवृत्त अधिकारी, म्हणजे हे घर काही सैन्याला परके नव्हते. ज्या घराने आपला मुलगा आनंदाने दिला, त्या घराने 'तो कसा गेला' एवढेच विचारले. त्याकडे व्यवस्थेवरील आरोप म्हणून पाहिले गेले, हे आपल्या समाजालाही शोभणारे नव्हते. गाडगीळ दांपत्य पुढे हवाई सुरक्षेच्या कामात उतरले. पुत्रशोकाला असे वळण देणे सर्वांना जमत नाही.

'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग आम्हाला खटकतो तो यासाठी. चुका होतात, वैमानिकही माणूसच असतो. २०१७ ते २०२२ या काळातील ३४ लष्करी विमान-अपघातांचा जो तपशील संसदीय स्थायी समितीपुढे आला, त्यात निम्म्याहून अधिक अपघातांचे कारण मानवी चूक असे नोंदले आहे. जनरल बिपिन रावत यांना आपल्यातून नेणारा ८ डिसेंबर २०२१ चा कुन्नूरजवळचा अपघातही त्यातच आहे. पण मानवी चूक म्हटले की चौकशी संपली, असे मानण्याची सवय घातक आहे. थकलेल्या माणसाला कोणी पाठविले, सरावाचे तास कोणी कापले, हवामानाचा अंदाज कोणी दिला, हे प्रश्न खरे तर तिथून पुढे सुरू होतात.

नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचे उदाहरण तर काळीज चिरणारे आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतरच्या त्या धगधगत्या सकाळी, बडगाममध्ये त्यांचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. ते पाडले होते आपल्याच क्षेपणास्त्राने. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्यू पावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असे जाहीरपणे मान्य केले. त्या कबुलीने वायुदलाची प्रतिष्ठा कमी झाली का? आमच्या मते ती वाढली. निनाद यांच्या घरच्यांना सत्य तरी कळले.

नागरी विमानवाहतुकीत हे अधिक नियमाने होते. ७ ऑगस्ट २०२० ला कोळीकोडच्या धावपट्टीवरून घसरलेल्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे वायुदलाचे माजी विंग कमांडर होते, आणि त्यांचे वृद्ध आई-वडील आपल्या नागपुरात राहत. त्या अपघाताचा अहवाल वर्षभराने प्रसिद्ध झाला. त्यात वैमानिकाकडे बोट आहे, पण लेखणी तिथे थांबलेली नाही. कंपनीची धोरणे, विमानतळ, नियामक यंत्रणा अशा सर्वांना त्यात सूचना आहेत. तो अहवाल कोणीही वाचू शकतो. लष्करी चौकशीचा अहवाल मात्र मृताच्या आईलाही सहज मिळत नाही. शस्त्रांची गुपिते उघड करा, असे कोणी म्हणत नाही. ती वगळून उरलेला सारांश देता येतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चित्र सर्वस्वी काळे आहे, असे मात्र नाही. दर दहा हजार उड्डाण-तासांमागे अपघातांचे प्रमाण २०००-०५ मध्ये ०.९३ होते, ते २०२०-२४ मध्ये ०.२० वर आले, असे सरकारने सांगितले आहे. या सुधारणेचे श्रेय बऱ्याच अंशी हँगरमध्ये तेलकट हातांनी राबणाऱ्या तंत्रज्ञांना आहे. वायुदलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे, आणि आपल्याला त्याची आठवण फक्त तिथे भरती निघाली की होते! नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ घडले, पुढे सुखोई घडले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. याच ओझरच्या परिसरात, निफाड तालुक्यात, जून २०१८ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये सुखोई शेतात कोसळले. दोन्ही वेळा वैमानिक वाचले.

तेजस हा आपल्या स्वदेशी सामर्थ्याचा अभिमानबिंदू आहे. म्हणूनच २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात ते कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले, तेव्हा प्रत्येकाच्या मनात चर्र झाले. ८३ मार्क-१ए विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिली विमाने २०२४ च्या आरंभी यायची होती, ती आली नाहीत. अमेरिकी इंजिने रखडली, हे कारण खरेच आहे. पण आवश्यक ४२ पथकांऐवजी आज सुमारे २९ पथकांवर सीमा राखायची म्हणजे जुन्या विमानांना अधिक राबवायचे. २०२५ च्या मार्च ते जुलै या काळात तीन जग्वार कोसळली, हे ध्यानात ठेवावे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा विलंब आपण नजरेआड केला, तर १९८२ नंतरच्या सरकारांना दोष देण्याचा अधिकारही आपण गमावतो.

आणि हा विषय वऱ्हाडापासून दूर राहिलेला नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचे विमान सुरू झाले. तिथेच एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली, वर्षाला १८० वैमानिक घडविण्याचे उद्दिष्ट घेऊन. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी मात्र अजून लांबीसाठी ताटकळते आहे. कापूस-सोयाबीनच्या या मुलखातील मुले आता वैमानिक होण्याचे स्वप्न पाहतात. ३० मे २०२५ ला प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडल्यापासून मुलीही पाहतात. त्यांना अडवू नका, असेच आम्ही पालकांना सांगू.

सरकारला सांगायचे ते वेगळे. संसदेच्या येत्या अधिवेशनात अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांनी एक प्रश्न विचारावा: गेल्या दहा वर्षांतील लष्करी हवाई अपघातांच्या चौकश्यांतून किती शिफारशी आल्या, त्यांतील किती अमलात आल्या, आणि मृत वैमानिकांच्या किती कुटुंबांना चौकशीचा सारांश लेखी देण्यात आला?